थ्रॅश मेटलचा आस्वाद : ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आणि त्याचे चाहते

प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेने ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, लावणी आणि अभंग यांच्या श्रोत्याचा विचार आस्थेने केला आहे. त्या तुलनेत पाश्चात्त्य रॉक संगीत आणि त्यातही ‘थ्रॅश मेटल’ हा प्रकार ऐकणारा मराठी तरुण समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला. त्याची दखल घेतली गेली ती प्रामुख्याने सामाजिक समस्या म्हणून. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, बंडखोरीचा आव, कर्णकर्कश गोंगाट, अशी ती दखल होती. काळा टी-शर्ट घालून वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला एखादी कलाकृती मनापासून आवडत असेल आणि त्या आवडीला काही आधार असेल, ही शक्यता तपासण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

प्रस्तुत लेखात मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) या अल्बमचा आणि त्याच्या चाहत्यांच्या आस्वादाचा विचार केला आहे. चाहता ज्या शब्दांत या कृतीची स्तुती करतो त्या शब्दांपेक्षा त्याचा प्रत्यक्ष आस्वाद अधिक प्रगल्भ असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. स्तुती वेगाची आणि आवाजाची होते. पण चाहता वारंवार परततो तो रचनेकडे. या दोहोंमधील अंतर भरून काढणारी परिभाषा मराठी सौंदर्यविचारात उपलब्ध आहे.

अल्बमची घडण

‘मास्टर ऑफ पपेट्स’ ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण १९८५ च्या उत्तरार्धात कोपनहेगन येथील स्वीट सायलेन्स स्टुडिओत, फ्लेमिंग रासमुसेन यांच्या सहकार्याने झाले. जेम्स हेटफिल्ड (गायन व गिटार), कर्क हॅमेट (गिटार), क्लिफ बर्टन (बास गिटार) आणि लार्स उलरिक (ड्रम्स) हे चौघे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर वा जेमतेम पुढे होते. अल्बममध्ये आठ रचना असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे ५५ मिनिटांचा आहे. प्रसिद्धीसाठी चित्रफीत काढलेली नव्हती, रेडिओचा आधारही नगण्य होता. तरीही अमेरिकेच्या बिलबोर्ड सूचीत तो २९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि २००३ मध्ये त्याला तेथील साठ लाख प्रतींचे प्रमाणन मिळाले. हे यश मुख्यतः चाहत्यांनी मुखोमुखी पसरवलेल्या कीर्तीचे होते. मेटॅलिकाचे नावच मुळी १९८२ च्या नमुना-ध्वनिफितीच्या प्रती चाहत्यांनी एकमेकांना करून दिल्यामुळे पसरले होते. या संगीतात चाहता हा आरंभापासून प्रसाराचा कर्ता आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

थ्रॅश मेटलचा मूलघटक म्हणजे ‘रिफ’. रिफ म्हणजे पुनःपुन्हा येणारे, लहान, ठसठशीत असे स्वरवाक्य. तबल्याच्या एकलवादनात सारंगी वा संवादिनी जो लेहरा धरते, त्याच्याशी रिफची तुलना काही अंशी करता येते. लेहरा पुनरावृत्तीने आवर्तनाची जाणीव जागी ठेवतो. रिफही तेच करते. फरक इतकाच की लेहरा दुसऱ्याच्या कौशल्याला पार्श्वभूमी पुरवतो, तर थ्रॅशमध्ये रिफच रचनेचा कणा असते. हेटफिल्ड यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असे की मिनिटाला दोनशेहून अधिक मात्रांच्या गतीतही ते बहुतांश आघात वरून खाली, एकाच दिशेने करतात आणि तळहाताची कड तारांवर टेकवून स्वराची आस तोडतात. त्यामुळे स्वर लांबत नाही. तो तुटक, कोरडा आणि काटेकोर ऐकू येतो. श्रोत्याला जाणवणारा कडकपणा हा केवळ विद्युत-विवर्धकाचा परिणाम नसून हाताच्या या शिस्तीचा परिणाम आहे.

अल्बमची एकूण रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. पहिली रचना ‘बॅटरी’ साध्या गिटारच्या शांत सुरावटीने उघडते आणि मग एकाएकी पेट घेते. शेवटची ‘डॅमेज, इन्क.’ देखील बर्टन यांच्या बासच्या धूसर, तरंगत्या नादांनी सुरू होते. दोन्ही टोकांना शांततेचा उंबरठा आहे. मध्ये ‘वेलकम होम (सॅनिटेरियम)’ ही संथ आरंभाची रचना आणि ‘ओरायन’ ही सुमारे साडेआठ मिनिटांची शब्दविरहित रचना येते. विषयांतही एकसूत्रीपणा आहे. व्यसन, मनोरुग्णालयातील कोंडी, युद्धात वापरून टाकून दिला जाणारा सैनिक, धर्माचा बाजार मांडणारा उपदेशक. प्रत्येक ठिकाणी माणसाचे नियंत्रण कोणा दुसऱ्याच्या हाती गेलेले आहे.

स्तुतीची भाषा

चाहत्यांच्या बोलण्यात या अल्बमविषयी जी विशेषणे येतात ती मोजकीच आहेत. मराठी तरुण ‘कडक’, ‘खतरनाक’, ‘जाळ’ आणि सर्वांत अधिक ‘भारी’ हे शब्द वापरतो. यांतील ‘भारी’ हा शब्द लक्षणीय आहे. मराठीत तो वजन सांगतो आणि श्रेष्ठत्वही सांगतो; भारी सामान आणि भारी गाणे यांत एकच शब्द दोन अर्थांनी राबतो. ‘हेवी मेटल’मधील ‘हेवी’ या शब्दाला बोलीतून इतका नेमका प्रतिशब्द सहज मिळाला, हे मराठीचे सामर्थ्य होय. मात्र हा शब्द उच्चारून चाहता थांबतो. काय भारी आहे, कोठे आणि कशामुळे, हे सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नसतात. इंग्रजी नियतकालिकांतून आलेली तांत्रिक संज्ञावली काही जण वापरतात. पण ती अनुभवाचे वर्णन करण्यापेक्षा जाणकारीची खूण म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

आता त्याच चाहत्याचे वर्तन पाहावे. शीर्षकगीताच्या साडेआठ मिनिटांत साधारण साडेतीन मिनिटांनंतर गती ओसरते. विद्युत-गिटारचा खरखरीत नाद नाहीसा होऊन स्वच्छ, सुट्या स्वरांची सुरावट सुरू होते, तिच्यावर दोन गिटार समांतर स्वरांत गातात आणि मग हेटफिल्ड यांचे संथ, गेय एकलवादन येते. वेगाचा पुजारी म्हणवणारा चाहता या जागी कंटाळत नाही. उलट मैफिलीतील हजारो श्रोते शब्द नसलेली ही सुरावट एकमुखाने गुणगुणतात. याच गीताच्या कडव्यांतील रिफमध्ये एक मात्रा अपुरी राहिल्यासारखी वाटते. ती आठाच्या हिशेबात पाच मोजावी की वादनातील सहज ओढ मानावी, यावर चाहते तासन् तास वाद घालतात. टाळी-खालीचा हिशेब करणाऱ्या श्रोत्याची ही वृत्ती आहे. जो केवळ गोंगाटासाठी ऐकतो तो मात्रा मोजत बसत नाही.

विरोधलय आणि रौद्र

बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्याचे स्वरूप लयतत्त्वातून उलगडताना संवाद, विरोध आणि समतोल या तीन प्रकारच्या लयी मानल्या. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या बाबतीत ही मांडणी आश्चर्यकारकरीत्या उपयुक्त ठरते. रिफची पुनरावृत्ती ही संवादलय. जलद व तुटक भागाशेजारी संथ व सलग भाग ठेवणे ही विरोधलय. आणि संथ भागानंतर आरंभीची रिफ पुन्हा येऊन रचना पूर्ण होते तेव्हा साधतो तो समतोल. चाहता ‘भारी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनावर ठसलेला असतो तो हा विरोध. संथ भाग वगळून केवळ जलद भाग सलग ऐकवला तर तो जड वाटेनासा होतो, कारण वजन नेहमी तुलनेने जाणवते.

मर्ढेकरांची उपपत्ती रूपाकडे झुकलेली असल्यामुळे ती एकटी पुरेशी नाही. या संगीतातील भावाचा विचार करण्यासाठी रससिद्धान्ताकडे वळावे लागते. भरताने क्रोध हा रौद्राचा स्थायी भाव मानला. लौकिक क्रोध आणि रौद्ररस यांतील भेद अभिनवगुप्ताने साधारणीकरणाच्या आधारे स्पष्ट केला; स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटणे हे त्याने रसविघ्नांत गणले. थ्रॅश ऐकणारा तरुण हिंसक बनतो हा आक्षेप नेमका हा भेद विसरतो. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगाव येथे मेटॅलिकाचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला आणि संतप्त जमावाने तेथे मोडतोड केली. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, बंगळूर येथे तोच वाद्यवृंद हजारो श्रोत्यांसमोर वाजवून गेला आणि तो कार्यक्रम पार पडला. मोडतोड झाली ती मेटॅलिकाने एकही स्वर वाजवण्यापूर्वी. ती तिकिटाच्या पैशांची, प्रवासाच्या खर्चाची, फसवणुकीच्या भावनेची होती. म्हणजेच लौकिक क्रोधाची होती. यावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही. परंतु संगीत आणि हिंसा यांचा कार्यकारणसंबंध गृहीत धरणाऱ्यांनी या दोन दिवसांतील फरकाचा विचार केला पाहिजे.

कळसूत्र कोणाच्या हाती?

शीर्षकगीताचा वक्ता व्यसनाधीन माणूस नाही. बोलते ते व्यसन स्वतः. ते आपल्या बळीला हुकूम सोडते. मराठी वाचकाला येथे एकनाथांच्या भारुडांची आठवण व्हावी. ‘विंचू चावला’मध्ये कामक्रोधाला विंचवाचे रूप दिले आहे, परंतु तेथे आक्रोश दंश झालेल्याचा आहे आणि त्यावर उताराही सांगितलेला आहे. मेटॅलिकाच्या गीतात विंचवालाच वाणी दिली आहे आणि उतारा दिलेला नाही. शेवटी ऐकू येते ते हसणे.

‘पपेट्स’साठी मराठीत ‘कळसूत्री बाहुल्या’ हा शब्द आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला जतन केली आहे. बाहुल्यांचा सूत्र धरणारा तो सूत्रधार. संस्कृत आणि मराठी नाट्यपरंपरेत हा शब्द मंगलाचरणाशी जोडलेला, प्रेक्षकाला विश्वासात घेणारा आहे. अल्बममधील सूत्रधार मात्र बाहुलीशी बोलतो आणि प्रेक्षक त्याचे बोलणे ऐकतो. मराठी श्रोता या शीर्षकाचा आपल्या भाषेत विचार करील तर त्याला हा उलटा झालेला सूत्रधार अधिक तीव्रतेने भिववील.

येथे आस्वादातील एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. रिफ सुरू होताच चाहत्याचे डोके लयीत वरखाली होऊ लागते. बाहेरून पाहणाऱ्यास ते हास्यास्पद वाटते. परंतु दोरीने ओढल्यासारखे हलणारे हे शरीर गीताचाच आशय साकार करीत असते. नियंत्रण गमावण्यावरचे गीत ऐकताना श्रोता काही मिनिटांपुरते आपले नियंत्रण स्वेच्छेने लयीच्या हाती देतो. मधल्या संथ भागात दोरी सैल होते, डोके थांबते, तो ऐकू लागतो. आणि मग पुन्हा ओढ बसते. स्वेच्छेने बाहुली होणारा माणूस बाहुली नसतो, हे त्याला ठाऊक असते. व्यसनाच्या गीतातून त्याला जे मिळते ते व्यसनाचे आकर्षण नसून वशीकरणाच्या यंत्रणेची ओळख होय. ही ओळख शब्दांनी जितकी होते त्याहून अधिक रचनेने होते.

लोणावळ्याचा श्रोता

महाराष्ट्रात या संगीताचे केंद्र मुंबई राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ने आणि धोबी तलावच्या रंगभवनाने स्थानिक वाद्यवृंदांना श्रोता मिळवून दिला, १९९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेला ‘सेप्टर’ हा थ्रॅश वाद्यवृंद त्याच परंपरेतील. पुण्यातही महाविद्यालयीन महोत्सवांतून हे संगीत वाजत राहिले. या दोन शहरांमध्ये वसलेल्या लोणावळा-मावळ परिसरातील चाहता मात्र प्रत्यक्ष मैफिलीचा नव्हे, तर ध्वनिमुद्रणाचा श्रोता आहे. त्याच्या ऐकण्याची जागा बहुधा लोकल गाडी ही असते. लोणावळ्याहून सुटताना अल्बम सुरू केला तर मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव मागे टाकून साधारणतः पिंपरी-कासारवाडीच्या आसपास तो संपतो. आठही रचना क्रमाने, सलग ऐकण्यास हा प्रवास पुरेसा आहे. सुटी गाणी निवडून ऐकण्याच्या काळात अल्बम हा एकसंध घाट म्हणून ऐकला जाणे ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि ती या श्रोत्याच्या आस्वादाला शिस्त लावते.

परंतु त्याच्या गावात मोठ्या आवाजाचा अर्थ निराळा आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांतून जे संगीत कानांवर आदळते, त्यामुळे स्थानिक रहिवाशाच्या लेखी मोठा आवाज म्हणजे परक्याची अरेरावी. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधामसारख्या संस्थेमुळे याच गावाची दुसरी ओळख श्वासाच्या आणि मौनाच्या साधनेची आहे. या दोहोंच्या मध्ये थ्रॅशचा चाहता सापडतो. शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो पहिल्या गटातला. वस्तुतः पर्यटकाच्या गाडीतील संगीत हे ऐकण्यासाठी नसून ऐकवण्यासाठी असते. लोकलमधील चाहता कानांत यंत्र घालून, इतरांना कळू न देता, पंचावन्न मिनिटे एका कृतीला देतो. आवाजाची पातळी सारखी असली तरी ऐकण्याची जात भिन्न आहे.

आणि मोठा नाद या परिसराला परका तरी कोठे आहे? कार्ल्याच्या एकवीरेच्या चैत्री यात्रेत ढोल-ताशांच्या गजरात पालखी निघते, कोळीगीते सामूहिक आवाजात म्हटली जातात. तेथे कोणी गोंगाटाची तक्रार करीत नाही, कारण त्या नादाला समाजाने अर्थ दिलेला आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आदी कोटी मानून प्रत्येक कोटीचे निकष वेगळे असतात याकडे लक्ष वेधले. थ्रॅशला ख्यालाच्या निकषाने तोलणे जसे चूक, तसे केवळ जनसंगीत म्हणून सोडून देणेही अपुरे. त्यात कलासंगीताची रचनादृष्टी आणि यात्रेचा सामूहिक आवेश एकत्र नांदतात.

ख्यालाचा श्रोता अनपेक्षित जागेला दाद देतो. थ्रॅशचा चाहता अपेक्षित जागेची वाट पाहतो. कोठे काय येणार हे त्याला पाठ असते आणि ते तसेच आले याचा त्याला आनंद होतो. हा आनंद खालच्या प्रतीचा मानण्याचे कारण नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ पिढ्यान् पिढ्या ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला कथाही ठाऊक असते आणि चालही. परिचिताची पुनर्भेट हा आपल्या रसिकतेचा जुनाच भाग आहे.

आस्वादाच्या मर्यादा

चाहत्यांच्या आस्वादाची बाजू घेताना त्यातील दोष झाकता येणार नाहीत. पहिला दोष भक्तीचा. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस-अपघातात क्लिफ बर्टन यांचा मृत्यू झाला. ते अवघे २४ वर्षांचे होते. ‘ओरायन’ त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी वाजवले गेले. तेव्हापासून या अल्बमला स्मारकाचे रूप आले आणि त्यातील उणिवा बोलणे अनेकांना पाप वाटू लागले. वास्तविक काही रचनांत पुनरावृत्ती आवश्यकतेपेक्षा लांबते. ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ संथ आहे, पण तिच्या संथपणाला शीर्षकगीतासारखा विरोध न लाभल्यामुळे ती एकसुरी होते. मर्ढेकरांचा निकष जसा स्तुतीला आधार देतो तसा दोषदर्शनालाही.

दुसरा दोष मक्तेदारीचा. १९९१ च्या, तुलनेने सोप्या व संथ अल्बमनंतर मेटॅलिकाने तत्त्व सोडले असे जुने चाहते म्हणत आले. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत शीर्षकगीत वाजले आणि जगभर नवे तरुण श्रोते या अल्बमकडे वळले, तेव्हा काही जुन्या चाहत्यांनी त्यांची थट्टा केली. वाद्यवृंदाने मात्र नव्या श्रोत्यांचे जाहीर स्वागत केले. घराण्याच्या शुद्धतेवरून महाराष्ट्रात झालेल्या वादांची आठवण येथे होते. फरक असा की घराण्यात अधिकार तालमीने मिळतो, चाहत्यांत तो केवळ आधी ऐकल्याने मागितला जातो. आणि वशीकरणाविरुद्धची कृती ऐकणाऱ्याने आवडीच्याच हुकमतीखाली जावे, यातील विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही.

समारोप

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत निवड केली, मेटल प्रकारातील ती पहिली कृती ठरली. परंतु या मान्यतेचा दाखला देऊन मराठी प्राध्यापकांचे मत बदलावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या निकषांवर ही कृती टिकते काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. वरील विवेचनावरून ती बहुतांशी टिकते, आणि जेथे टिकत नाही तेथे का टिकत नाही हेही त्याच निकषांनी सांगता येते.

चाहत्यापाशी दीर्घ श्रवण आहे, स्मरण आहे, मात्रेचा हिशेब आहे आणि एका कृतीवर वर्षानुवर्षे टिकणारी निष्ठा आहे. त्याच्यापाशी नाही ती भाषा. ती भाषा मर्ढेकर, रानडे आणि रसविचार यांच्या रूपाने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पडून आहे; आणि ती शिकवणाऱ्यांना बहुधा असे उदाहरण मिळत नाही, जे विद्यार्थ्याने शंभर वेळा ऐकलेले असेल. विरोधलय शिकवताना शीर्षकगीताचा संथ मध्यभाग वर्गात ऐकवला, तर विद्यार्थ्याला मर्ढेकर समजण्याची आणि त्या ‘भारी’ शब्दापुढे त्याचे वाक्य सुरू होण्याची शक्यता आहे. त्यासाठी प्राध्यापकाला हे संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. त्याने ते एकदा, आठही रचना, क्रमाने ऐकले तरी पुरे.